निष्ठेवर वाढलेले वृत्तपत्र : ‘इपॉक टाइम्स’ची पंचवीस वर्षे

चिनी स्थलांतरितांनी मे २००० मध्ये न्यूयॉर्कमधून सुरू केलेले ‘इपॉक टाइम्स’ हे चिनी वृत्तपत्र आज छापील आणि ऑनलाइन मिळून वीसच्या आसपास भाषांत आणि तीसहून अधिक देशांत पोहोचल्याचे सांगते. सुरुवातीची कितीतरी वर्षे अंक फुकट वाटले जात होते आणि काम करणारे बहुतेक जण बिनपगारी होते. तरीही या पत्राने अमेरिकेच्या राजकारणाला दखल घ्यावी लागेल एवढे वजन कमावले. त्याच्याविषयी बोलणाऱ्यांच्या दोन बाजू ठरलेल्या आहेत. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध ठामपणे उभे राहिलेले हे एकमेव मोठे वृत्तपत्र, असे चाहते म्हणतात. टीकाकारांच्या मते हे एका पंथाचे मुखपत्र आहे आणि अमेरिकेतल्या उजव्यांच्या प्रचारयंत्राचा एक भाग आहे. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत, पण हे पत्र इतके वाढले कसे आणि वाढता वाढता बदलले का, याचा उलगडा दोघांच्याही सांगण्यातून होत नाही. या लेखाचे म्हणणे असे की, ही वाढ वाचकांच्या मागणीतून झाली नाही. ती चालवणाऱ्यांच्या निष्ठेतून झाली. त्याच निष्ठेने छळाची साक्ष जगापुढे आणली आणि त्याच निष्ठेमुळे इतर बातम्यांच्या बाबतीत पत्राचा तोल गेला.

परदेशातल्या चिनी वृत्तपत्रांना मायदेशाच्या राजकारणाचे वावडे कधीच नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत १८५४ मध्येच चिनी भाषेतले वृत्तपत्र निघाले होते, पण या पत्रांना खरी धार आली ती १९व्या शतकाच्या अखेरीस. १८९८ची सुधारणा चळवळ मोडून काढली गेल्यावर लियांग छिछाओ जपानला पळाले आणि योकोहामातून नियतकालिके काढू लागले. त्यांचे गुरू कांग यूवेई यांच्या सम्राटनिष्ठ संघटनेने आणि सन यत्-सेन यांच्या क्रांतिकारकांनी सिंगापूरपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपापली वृत्तपत्रे उभी केली. परदेशी चिनी व्यापाऱ्यांच्या देणग्यांसाठी दोघांत चढाओढ होती आणि ती लढली गेली ती याच पत्रांतून. सन यांच्या पक्षाचे ‘यंग चायना’ १९१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाले. तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९१३ रोजी, त्याच शहरातून भारतीय क्रांतिकारकांच्या ‘गदर’चा पहिला उर्दू अंक बाहेर पडला आणि महिन्याभरात त्याची गुरुमुखी आवृत्तीही निघू लागली. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीच्या आरंभापासूनच्या मंडळींत होते, तर तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे त्याच चळवळीपायी १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. परक्या भूमीवरून, वर्गणीच्या पैशांवर, फुकट अंक वाटून मायदेशातली सत्ता उलथण्याची हाक देणारे वृत्तपत्र ही कल्पना म्हणजे ‘इपॉक टाइम्स’चा शोध नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा व्यापारी घराण्यांच्या हाती गेला. टायगर बामचे मालक ऑ बून हाऊ यांनी १९३८ मध्ये हाँगकाँगमध्ये काढलेल्या ‘सिंग ताओ’च्या परदेशी आवृत्त्या १९६०च्या दशकापासून निघू लागल्या. तैवानच्या ‘युनायटेड डेली न्यूज’ गटाने १९७६ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड जर्नल’ सुरू केले. या पत्रांचे वाचक मुख्यतः हाँगकाँग आणि तैवानचे होते. १९८९ नंतर चित्र पालटले. तिआनआनमेन चौकातल्या गोळीबारानंतर अमेरिकेने १९९२ मध्ये खास कायदा करून मुख्य भूमीतल्या चिनी विद्यार्थ्यांना कायम वास्तव्याची वाट मोकळी केली आणि शिकलेल्या, विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या स्थलांतरितांचा मोठा वर्ग तयार झाला. नेमक्या त्याच काळात जुन्या पत्रांच्या मालकांचे धंद्याचे हितसंबंध चीनशी जोडले जात होते. ‘सिंग ताओ’च्या अमेरिकन कंपनीला तर २०२१मध्ये परकीय हस्तक म्हणून अमेरिकी न्याय खात्याकडे नोंदणी करावी लागली. म्हणजे वाचक होता आणि वर्तमानपत्रेही होती, पण बीजिंगला न रुचणारी बातमी छापायला ती पत्रे कचरत होती. ‘इपॉक टाइम्स’ला जागा मिळाली ती इथे.

ही जागा भरून काढण्याची निकड मात्र एकाच गटाला होती. ली होंगझी यांनी १९९२ मध्ये चांगचुनमध्ये फालुन गोंगची शिकवण सुरू केली. मंद हालचालींचे व्यायाम, ध्यान आणि सत्य-करुणा-सहनशीलता ही तीन तत्त्वे असे तिचे स्वरूप होते, आणि काही वर्षांत अनुयायांचा सरकारी अंदाजही सात कोटींवर सांगितला जाऊ लागला. २५ एप्रिल १९९९ रोजी सुमारे दहा हजार अनुयायी बीजिंगमध्ये चोंगनानहाई या सत्ताकेंद्राबाहेर शांतपणे उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांना त्यात पक्षाला आव्हान दिसले. जुलैमध्ये फालुन गोंगवर बंदी आली. अटका, श्रमछावण्या आणि तुरुंगातले मृत्यू यांचा सिलसिला सुरू झाला आणि सरकारी वाहिन्यांवरून पंथाविरुद्ध अखंड मोहीम चालली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात शिकत असलेले फालुन गोंगचे साधक जॉन टँग आणि त्यांचे सहसाधक यांनी वृत्तपत्र काढले ते या पार्श्वभूमीवर. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. डिसेंबर २००० मध्ये झुहाई शहरात या पत्रासाठी काम करणारे कार्यकर्ते पकडले गेले आणि काहींना दीर्घ तुरुंगवास झाला. प्रतिस्पर्धी पत्राच्या बातमीदाराला जाहिरातदार गमावण्याची भीती होती. इथल्या बातमीदाराचे नातेवाईक आणि सहकारी तुरुंगात होते.

वाढीचे गमक या फरकात आहे. व्यापारी वृत्तपत्र नवी आवृत्ती काढताना विचारते की, या भाषेत वाचक किती आणि जाहिरात किती. ‘इपॉक टाइम्स’ने तो हिशेब आधी मांडलाच नाही. ज्या देशात लिहू, भाषांतर करू, संकेतस्थळ चालवू आणि रविवारी चौकात उभे राहून अंक वाटू शकणारे साधक होते, तिथे आवृत्ती निघाली. इंग्रजी संकेतस्थळ २००३ मध्ये आले आणि छापील इंग्रजी अंक २००४ मध्ये. पाठोपाठ युरोपीय आणि आशियाई भाषा आल्या. जोडीला २००१ पासून न्यू तांग डायनॅस्टी ही दूरचित्रवाहिनी होती आणि २००६ पासून शेन युन हे नृत्यपथक. न्यूयॉर्क राज्यातल्या डीअरपार्क इथला ड्रॅगन स्प्रिंग्ज हा परिसर या साऱ्या विश्वाचे केंद्र बनला. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसे मिळाली की, एरवी तोट्यात जाणारी गोष्ट टिकते. सोळा वर्षांनंतरही, २०१६ मध्ये, पत्राचे वार्षिक उत्पन्न ४० लाख डॉलरच्या आतच होते. एवढ्या रकमेत कोणत्याही पगारी वृत्तसंस्थेला इतक्या भाषांचा संसार चालवता आला नसता. पण या रचनेत एक उणीव सुरुवातीपासून होती. वाचक पैसे देत नव्हता, त्यामुळे त्याला नाराजीही दाखवता येत नव्हती. आणि संपादकाला अडवू शकेल असा व्यावसायिक सहकारी वृत्तकक्षात विरळाच होता, कारण तिथे येणारा बहुधा ध्येयासाठीच आलेला असे.

या रचनेतून पहिल्या दशकात जे निघाले त्यातले बरेच मोलाचे आहे. सार्सची साथ २००३ मध्ये बीजिंग दडपत होते, तेव्हा या पत्राने तिच्याविषयी लवकर आणि सातत्याने लिहिले. पुढे लष्करी डॉक्टर जियांग यानयोंग यांच्या पत्राने दडपणूक उघडी पडली तेव्हा संशयाची दिशा बरोबर असल्याचे दिसले. कैद्यांचे अवयव काढून घेण्याच्या प्रश्नाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. शेनयांगजवळच्या सुजियातुन इथे हजारो साधकांना डांबून त्यांचे अवयव काढले जातात, असा आरोप या पत्राने मार्च २००६ मध्ये छापला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहिले आणि आरोपाला पुष्टी देणारे काही सापडले नसल्याचे सांगितले. चिनी श्रमछावण्यांत एकोणीस वर्षे काढलेल्या हॅरी वू यांच्यासारख्या कट्टर कम्युनिस्टविरोधकालाही ती बातमी पटली नाही. पण मूळ प्रश्न तेवढ्याने निकालात निघाला नाही. कॅनडाचे माजी खासदार डेव्हिड किलगूर आणि मानवाधिकार वकील डेव्हिड मेटस यांनी वेगळ्या पुराव्यांवर चौकशी केली आणि २०१९ मध्ये सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र न्यायमंचाने असे प्रकार अनेक वर्षे लक्षणीय प्रमाणावर घडले आणि फालुन गोंगचे साधक त्याचे बळी होते, असा निष्कर्ष काढला. संशय खरा निघू शकतो, पण म्हणून पहिल्या बातमीतला प्रत्येक तपशील खरा ठरत नाही. ही दोन विधाने वेगळी ठेवणे हे वृत्तपत्राचे काम असते, आणि या पत्राचा हात आखडला तो तिथेच.

याची दोन उदाहरणे जवळून पाहण्यासारखी आहेत. २० एप्रिल २००६ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांचे स्वागत चालू असताना छायाचित्रकारांच्या मंचावरून एक बाई चिनी आणि इंग्रजीत ओरडू लागली की, फालुन गोंगचा छळ थांबवा. वांग वेनयी हे त्यांचे नाव. त्या डॉक्टर होत्या आणि आत आल्या होत्या त्या ‘इपॉक टाइम्स’च्या पत्रकार परवान्यावर. पत्राला व्हाइट हाउसची माफी मागावी लागली. बातमीदाराने निषेधकर्त्याची जागा घेणे चूक, हे पत्राला कळत होते; पण बातमीदार आणि निषेधकर्ता एकाच निष्ठेने तिथे आलेले असताना रेषा आखणार कोण? दुसरे उदाहरण आकड्यांचे. नोव्हेंबर २००४ मध्ये पत्राने ‘नऊ भाष्ये’ ही कम्युनिस्ट पक्षावरची दीर्घ मालिका छापली आणि तिच्या आधारे चिनी लोकांनी पक्ष सोडल्याचे जाहीर करण्याची मोहीम उघडली. मोहिमेचा दावा आता ४० कोटींच्या पुढे गेला आहे. पक्षाचे सदस्य जेमतेम दहा कोटी आहेत. या मोजणीत युवक संघ आणि शाळकरी मुलांचे पथक सोडणारेही धरले जातात, त्यामुळे आकडा अशक्य म्हणता येणार नाही. पण टोपणनावाने केलेली नोंदही चालते, तेव्हा त्याची शहानिशा कुणालाच करता येत नाही. निषेधपत्रकात असा आकडा खपून जातो. वृत्तपत्रात तो रोज छापला की, वाचकाला दाव्यालाच बातमी समजण्याची सवय लागते.

मोठे वळण आले ते २०१६च्या सुमारास. चीनविरोधात उघड बोलणारा डोनाल्ड ट्रम्प यांच्यासारखा नेता पत्राला आपला वाटला. जर्मन आवृत्ती त्याआधीच, २०१५च्या निर्वासित प्रश्नानंतर, स्थलांतरविरोधी वाचकांत रुजली होती. आता इंग्रजी आवृत्तीने अमेरिकी उजव्या वाचकाकडे मोर्चा वळवला. सहा महिन्यांत ट्रम्प यांना अनुकूल अशा सुमारे ११ हजार फेसबुक जाहिरातींवर १५ लाखांहून अधिक डॉलर खर्च झाल्याचे एनबीसी न्यूजने ऑगस्ट २०१९ मध्ये दाखवून दिले आणि फेसबुकने त्या जाहिराती बंद केल्या. त्याच डिसेंबरमध्ये फेसबुकने एक जाळे उखडले. त्यातल्या काही खात्यांना संगणकाने बनवलेले खोटे चेहरे लावलेले होते आणि त्या जाळ्याचा संबंध फेसबुकने ‘इपॉक’ माध्यमसमूहाशी जोडला. पत्राने तो नाकारला. २०२० मध्ये कॅनडातल्या हजारो घरांच्या टपालपेट्यांत कोविडसाठी चिनी पक्षाला जबाबदार धरणारा खास अंक न मागता येऊन पडला आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध तक्रार केली. उत्पन्न २०१९ मध्ये दीड कोटी डॉलरच्या आसपास होते. २०२० मध्ये ते सहा कोटींवर आणि २०२१ मध्ये बारा कोटींवर गेले. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी पत्राच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यावर किमान ६ कोटी ७० लाख डॉलरचा काळा पैसा पांढरा केल्याचा आरोप ठेवला. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारले, कंपनीने त्याला निलंबित केले, आणि हे आरोप वार्तांकनाशी संबंधित नसल्याचे वकिलांनीही स्पष्ट केले. त्या आरोपपत्रातच उत्पन्नाच्या उसळीचा उल्लेख असल्यामुळे ती सगळी वाचकांच्या ओढीची पावती मानता येत नाही.

हे वळण पैशाच्या मोहातून आले, हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. सोळा वर्षे तोटा सोसणाऱ्यांना पैशाचा मोह अचानक कसा पडला, हे त्यातून कळत नाही. कारण स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांच्या आयुष्यक्रमात शोधावे लागते. अशी पत्रे साधारणपणे दोन कारणांनी संपतात. एकतर मायदेशातला लढा संपतो, जसा ‘यंग चायना’चा मूळ लढा १९११च्या क्रांतीने संपवला, नाहीतर पुढच्या पिढीला ती लिपी सफाईने वाचता येत नाही आणि वाचक वयाबरोबर घटत जातो. त्यात आता वीचॅटची भर पडली आहे. चिनी स्थलांतरित आज आपल्या बातम्या मोबाइलवरच्या ज्या जाळ्यात वाचतो त्याची सेन्सॉरशिप चीनमधून चालते. ‘इपॉक टाइम्स’ने हे मरण टाळले ते वाचकच बदलून. अमेरिकेत जन्मलेला, चिनी न येणारा, स्वतःच्या देशातल्या उच्चभ्रूंवर चिडलेला वाचक त्याने मिळवला. या वाचकाला चीनचे फार सोयरसुतक नव्हते. त्याला निवडणूक, लस, स्थलांतर आणि ‘डीप स्टेट’ यांत रस होता. पत्राकडे या विषयांतला अनुभव नव्हता. होता तो एकच मापदंड, की कम्युनिझमच्या विरोधात कोण आणि बाजूने कोण. तो मापदंड बीजिंगला लावला की बऱ्याचदा बरोबर उत्तर येई. वॉशिंग्टनला, बर्लिनला, साथरोगाला लावला की प्रत्येक गुंतागुंतीच्या प्रश्नामागे तोच शत्रू दिसू लागे. म्हणून हे एकच वृत्तपत्र अनेक भाषांत निघते असे म्हणणे अर्धेच खरे आहे. मूळ गाऱ्हाणे एक आणि प्रत्येक देशात त्याला मिळालेले स्थानिक मित्र वेगळे.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्यांचे सहकारी छावण्यांत मेले त्यांच्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. ‘गदर’ तरी कुठे तटस्थ होता? आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागेल. छळाविरुद्ध ओरडणारे पत्र दोन्ही बाजू मांडत नाही म्हणून कुणी त्याला दोष देऊ नये. पण ‘गदर’ (म्हणजे बंड) आपल्या नावातच आपली बाजू सांगत होता. त्याचा अंक हाती घेणारा शेतकरी वा लाकूडगिरणीतला मजूर आपण कशाला वर्गणी देतो हे जाणून होता. ‘इपॉक टाइम्स’ मात्र स्वतःची ओळख निःपक्ष, स्वतंत्र वृत्तपत्र म्हणून करून देते आणि फालुन गोंगशी असलेले नाते मालकीचे नव्हे, काही कर्मचाऱ्यांच्या श्रद्धेचे आहे असे सांगत आले आहे. त्याच वेळी ली होंगझी यांनी अनुयायांपुढे या माध्यमांचा उल्लेख ‘आपली माध्यमे’ असाच केलेला आहे. छळ सोसलेल्याच्या साक्षीला वजन असते. ते वजन अमेरिकी मतमोजणीच्या किंवा लसीच्या बातमीला आपोआप मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. कोणते वृत्तपत्र मालकाची री ओढत नाही? मरडॉक घराण्याच्या वाहिन्या काय वेगळे करतात? मालकाचा कल सगळीकडे असतो, हे खरे. फरक अडथळ्यांचा आहे. मोठ्या व्यावसायिक वृत्तकक्षात मालकाचे ऐकणारे असतात तसे त्याच्याशी भांडणारे, राजीनामे देणारे, दुसऱ्या पत्रात जाऊन पोलखोल करणारेही असतात. खोटेपणाचे मोल न्यायालयात मोजावे लागते: मतदानयंत्रांविषयीच्या आरोपांपायी फॉक्स न्यूजला २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर द्यावे लागले आणि त्या खटल्यात तिच्या निवेदकांचे खासगी संदेश चव्हाट्यावर आले. साधकांच्या वृत्तकक्षातून बाहेर पडणे म्हणजे नोकरीबरोबर गोतावळाही सोडणे. त्यामुळे आतला विरोध कमी असतो आणि बाहेर तो क्वचितच ऐकू येतो. मालकीपेक्षा ही एकजिनसी रचना अधिक काळजीची आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. या पत्रावरची टीका बीजिंगच्या पथ्यावर पडते. हाँगकाँगमधल्या त्याच्या छापखान्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये आग लावली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये चार जणांनी घणाने यंत्रे फोडली. अशा वेळी टीकाकाराने गप्प बसावे, असा युक्तिवाद होतो. त्याला उत्तर त्याच हाँगकाँगमध्ये सापडते. जिमी लाय यांचे ‘ॲपल डेली’ जून २०२१ मध्ये बंद पाडले गेले. ‘इनिशियम मीडिया’ने त्याच वर्षी आपले ठाणे सिंगापूरला हलवले आणि वर्गणीदारांच्या जोरावर चिनी भाषेत शोधपत्रकारिता चालू ठेवली. ‘इनिशियम’सारख्या संस्था लहान आहेत, पैशाने कमजोर आहेत, आणि चिनी सत्तेविषयी त्यांनीही काही कमी कठोर लिहिलेले नाही. चीनविरोधी पत्रकारितेचा आवाज म्हणून ‘इपॉक टाइम्स’कडेच बोट दाखवले गेले, तर बीजिंगला सगळ्या टीकेवर ‘हा तर पंथाचा प्रचार’ असा शिक्का मारणे सोपे जाते. कठोर कसोटी लावल्याने खऱ्या साक्षीचे नुकसान होत नाही. ते होते ती साक्ष आणि अफवा एकाच पानावर शेजारी छापल्याने.

तेव्हा या पंचवीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात मांडता येत नाही, पण त्यातून कसोटी मात्र मिळते. चीनमधल्या छळाविषयी या पत्रातून आलेली माहिती टाकून देऊ नये. ती इतर साक्षीदार, न्यायमंच आणि अभ्यासकांशी ताडून घ्यावी, कारण त्या प्रश्नावर त्याच्या बातमीदारांची पोच इतरांना नव्हती. चीनबाहेरच्या विषयांवर मात्र त्याला विशेष अधिकार मानण्याचे कारण नाही. आणि स्थलांतरितांच्या कोणत्याही पत्राला दोन प्रश्न विचारावेत: त्याला पैसा कोण देतो, आणि चूक झाली तर ती आतून सांगणारे तिथे कुणी आहे का? जगात हुकूमशाही राजवटींमधून पळालेल्यांची संख्या वाढते आहे, तशी त्यांची माध्यमेही वाढतील. त्यांना आधार देणाऱ्या लोकशाही देशांनी पैसा, प्रशिक्षण आणि कायदेशीर संरक्षण देतानाच स्वतंत्र संपादक आणि मालकीचा उघड तपशील यांचा आग्रह धरला, तर निष्ठेने सुरू झालेल्या पत्राला पुढे वाचकाच्या विश्वासावर उभे राहण्याची संधी मिळेल. ‘इपॉक टाइम्स’ला ही संधी पहिल्या दहा वर्षांत होती. त्याने ती घेतली नाही, आणि त्याचे नुकसान सर्वांत जास्त झाले ते ज्यांच्या छळाची बातमी सांगायला ते निघाले होते त्यांचे.